पतसंस्था बुडते, चेअरमनची गाडी मात्र बदलते. सांगलीकरांनो, तुम्ही कसं निभावलंत?

गावभागातली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते. आज लिहायला बसले, कारण घरात हा विषय काढायची सोय राहिलेली नाही.

सासूबाईंची ठेव सांगलीतल्या एका पतसंस्थेत अडकली आहे. नाव लिहीत नाही. चौकशी सुरू आहे आणि बदनामीची नोटीस घरी यायला नको. सासऱ्यांच्या फंडाचे पैसे होते. व्याज बँकेपेक्षा थोडं जास्त, शाखा घराजवळ, रोजची छोटी बचत गोळा करणारा पिग्मीवाला दारात यायचा, म्हणून विश्वास बसलेला. मुदत संपल्यापासून 'साहेब बाहेर आहेत', 'वसुली आली की देतो', 'सध्या महिन्याला थोडे थोडे घेऊन जा' असं चाललंय. शटर अर्धंच उघडं असतं. आत बसलेल्या दोन पोरींचाही पगार थकलाय, त्यामुळे त्यांच्यावर ओरडताही येत नाही.

आणि याच काळात चेअरमनसाहेबांनी गाडी बदलली. घरच्या लग्नाला गल्लीचा रस्ता बंद करून मांडव घातला. जेवायला निम्मे ठेवीदारच होते, हा त्यातला विनोद.

मला खरा राग आहे तो उपदेशांचा. फॅमिली ग्रुपवर रोज काहीतरी येतं: आपत्कालीन निधी ठेवा, हॉटेल बंद करा, गरज आणि हौस ओळखा. अहो, आम्ही उन्हाळ्यात वर्षाचे गहू-ज्वारी भरून ठेवणारी माणसं. जुन्या साड्यांच्या वाकळा शिवून घेतो. आमच्यात कापायला उरलंय काय? हौस चालली आहे कुणाची? बुडवणारे वेगळे, आणि पोटाला चिमटा काढायचा तो ठेव ठेवणाऱ्यानं.

तर विचारायचं असं, की ज्यांच्यावर हे आलं त्यांनी घर कसं चालवलं? पैशासाठी नक्की कुणाच्या दारात उभं राहायचं? आणि हे आपल्याकडेच होतं का?

कृष्णाकाठ
ताई, सांगलीला हे नवीन नाही. वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना २००९ साली रद्द झाला तेव्हा ठेवीवरचा विमा फक्त एक लाखाचा होता. एक लाखाच्या आतले सुटले, वरचे अवसायकाच्या, म्हणजे बुडीत संस्थेची देणी-घेणी मिटवायला नेमलेल्या माणसाच्या दारात. शेजारी कराडला जनता सहकारी बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये गेला, पण तोवर मर्यादा पाच लाख झाली होती. त्यामुळे तिथल्या ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांची सगळी रक्कम विम्यात बसली. माणसं तीच, कष्ट तेच, फक्त बँक कुठल्या तारखेला बुडली त्यावर सगळं ठरलं.

अवांतर: आपली सांगली बँक १९१६ ची. २००७ मध्ये ती आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत लेहमन ही बडी गुंतवणूक बँक कोसळली. त्या आठवड्यांत आयसीआयसीआय अडचणीत असल्याची अफवा देशभर पसरली, एटीएमसमोर रांगा लागल्या. शेवटी ३० सप्टेंबर २००८ ला रिझर्व्ह बँकेनं निवेदन काढून बँकेकडे पुरेसा पैसा असल्याचं सांगितलं. आमचे अण्णा सांगली बँकेचे जुने खातेदार. ते म्हणायचे, न्यूयॉर्कात कोण बुडालं म्हणून मी माझ्या गावातल्या बँकेत रांग लावायची, हे कुठलं गणित?

पुणेरी_चष्मा
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. बँकेपेक्षा जास्त व्याज मिळतं तेव्हा जोखीमही जास्त असते, हे शाळकरी मुलालाही कळतं. व्याज गोड लागलं, आता कडू लागतंय. चेअरमनच्या गाडीचा आणि तुमच्या निर्णयाचा संबंध काय?

गावभागातली
संबंध आहे. ती गाडी आमच्या पैशातून आली का, हेच तर चौकशीत ठरायचंय.

आणि निर्णयाचं म्हणाल तर, राष्ट्रीयीकृत बँकेत 'लिंक डाउन आहे, उद्या या' ऐकून माझी सासू तीन मजले चढून-उतरून यायची. लिफ्ट नाही. पतसंस्थेत तिला खुर्ची मिळायची, पाणी मिळायचं, पावती घरपोच यायची. म्हातारी माणसं दीड टक्क्यासाठी जात नाहीत हो. कुणीतरी नावानं हाक मारतं म्हणून जातात.

किराणा_भुसार
+१ ताई. पुणेकरांना पिग्मी म्हणजे काय हेच माहीत नसेल. माझ्या दुकानातून रोज शंभर रुपये जायचे. बँकेचा माणूस शंभर रुपये न्यायला कधी दारात आलाय का?

निवृत्त_शाखाधिकारी
धागा चांगला आहे. तीस-पस्तीस वर्षं काउंटरच्या पलीकडे बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.

बहुतेक लोकांना वाटतं की 'बँक' लिहिलेली पाटी आणि 'पतसंस्था' लिहिलेली पाटी यात फक्त आकाराचा फरक आहे. तसं नाही. ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांचं संरक्षण व्यापारी आणि सहकारी बँकांना आहे, पतसंस्थेला नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येतच नाही. ती राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली, म्हणजे सहकार आयुक्त आणि खाली जिल्हा उपनिबंधक. पाटीवर 'मल्टिस्टेट' असेल तर जिल्हा उपनिबंधकही हात वर करतात, कारण ती दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे नोंदलेली असते. ठेव ठेवायच्या आधी पाटीवरची नोंदणीची ओळ वाचणारा ठेवीदार मी क्वचितच पाहिला. सगळे एलईडीत फिरणारा व्याजदर वाचतात.

हा विमा कसा आला तेही सांगतो. १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. घबराट पसरली तेव्हा सरकारला जाग आली आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. १९९३ मध्ये मर्यादा एक लाख केली, ती २०२० पर्यंत तशीच होती. मध्ये सोनं कुठल्या कुठे गेलं, विमा एक लाखच! हलली कधी, तर पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आल्यावर. सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची परवानगी होती. त्या बँकेनं एकूण कर्जापैकी सत्तर टक्क्यांहून जास्त एकाच बिल्डर समूहाला दिलेलं आणि ते लपवायला हजारो बनावट खाती उघडलेली. ठेवीदार रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा पाच लाख झाली.

२०२१ च्या दुरुस्तीमुळे आता बँकेवर निर्बंध आले की साधारण ९० दिवसांत पाच लाखांपर्यंतची रक्कम मिळायची सोय आहे. पूर्वी परवाना रद्द होईपर्यंत वर्षानुवर्षं बसावं लागायचं; पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना गेला २०२२ मध्ये.

दोन गोष्टी मात्र काउंटरवर कुणी सांगत नाही. पाच लाखांत व्याजही धरलेलं असतं, म्हणजे मुद्दलच पाच लाख ठेवलं तर व्याज विम्याबाहेर. आणि एकाच बँकेच्या चार शाखांत पाच-पाच लाख ठेवले तरी ते एकत्रच मोजतात. संयुक्त खात्यात नावांचा क्रम वेगळा असेल तर मात्र वेगळा हिशोब होतो.

तासगावचा_बेदाणा
काका, हे सोन्याच्या अक्षरात लिहून प्रत्येक शाखेत लावायला पाहिजे. बुकमार्क केलं.

पुणेरी_चष्मा
माहिती उत्तम. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो ना? नीट वाचून, पत मानांकन बघून पैसे ठेवले तर असं होत नाही.

आकडेमोड
चष्मा काका, हलकेच घ्या, पण मानांकनाचं बोलू नका. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएलअँडएफएसला २०१८ मध्ये हप्ते थकेपर्यंत सर्वोच्च मानांकन होतं. कर्ज ९० हजार कोटींच्या वर. तिथे पिग्मीवाले नव्हते, मोठमोठे फंड आणि सूटबूटवाले होते. पुढच्या वर्षी डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी कंपनी. त्यातले मुदत ठेवीदार सुशिक्षित, बरेचसे शहरी, अनेक निवृत्त. दिवाळखोरी संहितेत ठेवीदाराला तारण नसतं, म्हणून वाटपात तो बँकांच्या मागे. देणी सुमारे ८७ हजार कोटींची, कंपनी ३४,२५० कोटींत गेली. तेव्हा 'शाळकरी मुलाला कळतं' वगैरे राहू द्या.

येस बँकेचं तर अजून मजेशीर. मार्च २०२० मध्ये ठेवीदारांना ५० हजारांची मर्यादा लागली, ती दोन आठवड्यांत उठलीही. पण 'एटी-वन' नावाच्या ८,४१५ कोटींच्या रोख्यांची किंमत एका फटक्यात शून्य केली. ते रोखे काही ज्येष्ठ नागरिकांना 'एफडीसारखंच, व्याज जास्त' म्हणून विकले होते. विकणारा पिग्मीवाला नव्हता, टाय घातलेला रिलेशनशिप मॅनेजर होता. नावानं हाक तोही मारतो.

पुणेरी_चष्मा
मुद्दा मान्य. डीएचएफएलमध्ये आमच्या सोसायटीतलेच दोघे आहेत.

यार्डातला
ताई, बाकीचे कायद्याचं बोलत्यात, मी घर चालवायचं बोलतो. मी मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी हाय. हळदीचे सौदे, पट्ट्या लिहितो.

२०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाला ५७ फुटांवर गेलं, आमचं घर आठवडाभर पाण्यात. कसंबसं सावरतोय तवर पुढल्या साली लॉकडाऊन. पगार निम्मा. तवा आमाला कुठल्या अ‍ॅपनं न्हाई जगवलं. गल्लीतल्या भिशीनं जगवलं. ज्याचा नंबर लागला हुता त्यानं आपला नंबर फिरवून आमाला दिला, माझा नंबर त्यानं पुढं घेतला. व्याज न्हाई, कागद न्हाई. आता म्हणाल भिशी पण बुडती. बुडती की. लिलावाची भिशी असली तर लांबनंच नमस्कार. पण धा-बारा घरं, सगळी एकमेकाच्या दारावरनं रोज जाणारी, त्यात कोण कुटं पळून जाणार?

किराणा वहीवर. दुकानदारानं कधी मागितलं न्हाई, पण त्यालाबी होलसेलवाल्याला रोख द्यावं लागत असणार, हे आमी इसरलो न्हाई. हप्त्याला जमंल तेवडं टाकत राहिलो. वही पार बंद करायची न्हाई, एवडंच सूत्र. एकदा वही बंद झाली की माणूस दुसऱ्या दुकानात जातो, मग कायमची लाज.

उचल मात्र शक्यतो घिऊ नका. मालकाची उचल घेतली की वरीसभर तोंड उघडता येत न्हाई. पगार वाढवा म्हणायची सोय राहत न्हाई.

आणि बायकांनी ते गटाचं हप्त्याचं कर्ज जपून. आमच्या गल्लीत एका बाईचा हप्ता चुकला, तर बाकीच्या नऊ जणी तिच्या दारात बसल्या, कारण न भरला तर त्यांच्या अंगावर येतो. कंपनीचा साहेब लांब गाडीवर बसून बघतोय. भांडण लावायचं काम फुकटात.

मिरजेची_वकीलीण
यार्डातले दादा, त्या गटाच्या कर्जाबद्दल एक भर घालते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार मायक्रोफायनान्सचा वसुलीवाला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर संपर्क करू शकत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होत असतील तर नवीन कर्ज द्यायलाच नको. तक्रार आधी कंपनीकडे लेखी, महिनाभरात उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. १४४४८ वर माहिती मिळते. पोच घ्यायला विसरू नका.

मूळ प्रश्नावर संध्याकाळी लिहिते, आत्ता कोर्टात आहे.

किराणा_भुसार
दिवाणजींनी वहीचं लिहिलं म्हणून दुकानाच्या बाजूनं लिहितो.

वही चालवणं सोपं नाही. पण कंपन्यांनी आमची आणि तुमची, दोघांचीही कोंडी कशी केली ते बघा. पाच रुपयांचा बिस्कीटपुडा पाच रुपयांनाच आहे, आतली बिस्किटं कमी झाली. साबणाची वडी आतून खोलगट झाली. शाम्पूची पुडी पातळ झाली. महागाई वाढली म्हणून कंपनी किंमत वाढवत नाही, कारण गिऱ्हाईक ओरडेल. वजन कमी केलं की कोण ओरडतं? आता पाकिटावर ग्रॅममागचा दर छापावा लागतो, तो इतका बारीक असतो की मला भिंग लागतं. ताई, काटकसर करायचीच असेल तर हॉटेल बंद करण्यापेक्षा तो आकडा वाचा. मोठं पाकीट स्वस्तच असतं असंही नाही, मी विकतो म्हणून सांगतो.

सुटं घ्या. रवा, पोहे, डाळ सुटी. हळदीचं तर सांगलीत बसून ब्रँडचं पाकीट घेणाऱ्याला काय म्हणावं! राजापुरी हळकुंडं आणा आणि कांडपातनं दळून घ्या.

न्यूजर्सीतला_सांगलीकर
'हे आपल्याकडेच होतं का' याचं उत्तर देतो. माझं शिक्षण वालचंदला, इकडे येऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा २००८ उजाडलं.

१५ सप्टेंबरला लेहमन गेली, दुसऱ्या दिवशी एआयजी या विमा कंपनीला सरकारी मध्यवर्ती बँकेनं ८५ अब्ज डॉलरपर्यंत कर्ज दिलं. त्यानंतर आठवडाभरात त्यांच्या एका उपकंपनीनं कॅलिफोर्नियाच्या आलिशान रिसॉर्टमध्ये बैठक भरवली. खर्च ४ लाख ४० हजार डॉलरच्या वर, त्यात मसाजही आला. पुढच्या मार्चमध्ये ज्या विभागानं कंपनी बुडवली त्याच विभागाला १६ कोटी ५० लाख डॉलरचे बोनस. त्याआधी, २००८ च्याच नोव्हेंबरमध्ये, डेट्रॉइटच्या तिन्ही मोटार कंपन्यांचे प्रमुख संसदेत पैसे मागायला आले, तेही आपापल्या खासगी विमानांनी. लोक इतके भडकले की डिसेंबरात तेच तिघे गाडी चालवत आले. मेरिल लिंच या गुंतवणूक बँकेच्या प्रमुखानं कंपनी डबघाईला आली असताना दहा लाखांहून जास्त डॉलर आपलं ऑफिस सजवायला खर्च केले, हेही तेव्हाच बाहेर आलं. त्यापुढे तुमच्या चेअरमनची गाडी म्हणजे सायकल.

तेव्हा आमच्या गल्लीत काय झालं? घरं बँकेनं ताब्यात घेतली, समोरच्या लॉनवर गवत कमरेएवढं. लोक क्रेडिट कार्ड कापून फेकायला लागले, मुलं परत आईबापांकडे राहायला आली. इथेही सल्ले तेच होते बरं का: कॉफी कमी प्या. कॉफी कमी पिऊन कुणाचं घर वाचलं नाही.

एक गोष्ट मात्र लोकांनी केली ती मला आवडली. २०११ मध्ये एका मोठ्या बँकेनं डेबिट कार्डावर महिना पाच डॉलर आकार लावायचं जाहीर केलं. ज्या बँकांना आमच्या कराच्या पैशानं वाचवलं, त्यांतलीच एक. ५ नोव्हेंबर हा दिवस ठरवून लोकांनी खाती उचलली आणि क्रेडिट युनियनमध्ये नेली. त्याच्या आधीच, १ नोव्हेंबरला, बँकेनं तो आकार मागे घेतला.

आता गंमत बघा. क्रेडिट युनियन म्हणजे आपली पतसंस्थाच, सभासदांची, नफ्यासाठी नसलेली. लोक मोठ्या बँकेला कंटाळून सुरक्षित म्हणून तिकडे गेले. कारण तिथे क्रेडिट युनियनच्या ठेवींनाही १९७० पासून विमा आहे, बँकेइतकाच, अडीच लाख डॉलरचा. आपल्याकडे जो सर्वात गरीब ठेवीदार तोच विम्याबाहेर. म्हणजे ताई, सासूबाईंनी काही अचाट केलं नाही. अमेरिकेत हेच केलं असतं तर त्या शहाण्या ठरल्या असत्या.

निवृत्त_शाखाधिकारी
शेवटचा मुद्दा अगदी बरोबर. विम्याचा हप्ता बँक भरते, २०२० मध्ये तो शंभर रुपयांमागे वर्षाला १२ पैसे झाला. एवढ्याशा पैशात सामान्य माणसाची झोप टिकते. पतसंस्थांसाठी अशी सक्तीची, खऱ्या पैशांची यंत्रणा का नसावी, हा प्रश्न आपल्या आमदारांना विचारायला हवा. अर्थात निम्मे आमदार कुठल्या ना कुठल्या संस्थेचे संस्थापकच असतात, तो भाग वेगळा.

विट्याचा_गलाईवाला
मी केरळात गलाईचं काम करतो, खानापूर तालुक्यातली निम्मी पोरं याच धंद्यात देशभर विखुरलीत. मोडीचं सोनं वितळवायचं, शुद्ध करायचं.

बाजारात मंदी आली की वर्तमानपत्राच्या आधी आम्हाला कळतं. एरवी मुशीत जुनी फॅशन येते: जाड तोडे, आजीच्या पुतळ्या. मंदीत नवीन, न वापरलेले दागिने यायला लागतात, डबीसकट. कधी मंगळसूत्राच्या वाट्या. त्यावरनं आम्ही ओळखतो.

ताईंना एकच सांगणं: मोडायच्या आधी तारण ठेवा, पण राष्ट्रीयीकृत बँकेत. सोन्यावरचं कर्ज व्याजाला त्यातल्या त्यात स्वस्त पडतं. हप्ता थकून लिलाव झालाच तर कर्ज, व्याज वजा जाऊन उरलेले पैसे तुम्हाला परत मिळायला हवेत. लोक लाजेनं मागायलाच जात नाहीत. जा आणि मागा.

तासगावचा_बेदाणा
सगळे ठेवीदाराचं बोलताय, उत्पादकाचंही ऐका. साखर कारखान्यानं ऊस नेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यायचं, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. आजवर ते व्याज आपणहून कुणी दिलेलं मी तरी पाहिलं नाही. म्हणजे आम्ही कारखान्याला बिनव्याजी कर्ज देतो आणि तेवढ्यात सोसायटीचं पीककर्ज थकलं म्हणून आम्हाला नोटीस येते.

२०१९ मध्ये इस्लामपूरच्या कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणात अडकलेली पोरं कोण होती? हीच. शेतीतनं हातात रोकड नाही, म्हणून कंपनी कोंबड्या देते, अंडी विकत घेते म्हटल्यावर धावली. हाव म्हणायला सोपं आहे.

मिरजेची_वकीलीण
आता मूळ प्रश्न. पावत्या न बघता सल्ला देणं बरं नव्हे, तरी वाट कशी आहे ते सांगते.

संस्था नुसती अडचणीत आहे की अवसायनात निघाली, हे आधी जिल्हा उपनिबंधक कार्यालयात लेखी विचारा. कलम १०२ खाली अवसायनाचा हुकूम होऊन अवसायक नेमला असेल तर तुमचा दावा त्याच्याकडे, पावतीच्या झेरॉक्ससह, मुदतीत. नेमला नसेल तर मागणी संस्थेकडेच, रजिस्टर पोस्टानं.

संचालकांनी अफरातफर केली का, ते कलम ८८ च्या चौकशीत ठरतं. त्यात जबाबदारी निश्चित झाली तर संचालकांच्या स्वतःच्या मालमत्तेतून वसुली होऊ शकते, यात गाडीही आली. हे लांबतं, खूप लांबतं. पण ठेवीदारांनी मिळून पाठपुरावा केला नाही तर ते सुरूच होत नाही.

फसवणूक दिसत असेल तर ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा राज्य कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार. सरकार मालमत्ता जप्त करून सक्षम अधिकाऱ्याच्या ताब्यात देऊ शकतं आणि विशेष न्यायालयाच्या हुकमानं ती विकून ठेवीदारांना वाटायची असते. इथे खरी अडचण अशी, की जप्तीच्या आधी मालमत्ता मेहुण्याच्या नावावर गेलेली असते. म्हणून वेळ घालवू नये.

तिसरी वाट ग्राहक आयोगाची. सहकारी संस्थेविरुद्ध ग्राहक न्यायालयात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच सांगितलंय. ठेवलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. संचालकांना व्यक्तिशः ओढलं की 'आधी ८८ ची चौकशी झाली का' हा बचाव समोरून येतोच, तयारी ठेवा.

आता एक कडू गोष्ट. बऱ्याच पतसंस्थांत ठेवीदाराला 'नाममात्र सभासद' करून घेतात. नाममात्र सभासदाला मत नसतं. सभेत तुम्ही हात वर केला तरी तो मोजत नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपरात 'सभा खेळीमेळीत पार पडली'. सासूबाईंकडे शेअर प्रमाणपत्र आहे का, शोधा.

गावभागातली
शोधलं. देव्हाऱ्याखालच्या ट्रंकेत सापडलं, पूर्ण सभासद आहेत! शेअर्स शंभर-शंभरचेच आहेत, पण आहेत. पंचवीस वर्षांत एकाही सभेला गेल्या नाहीत. अहवालाची पुस्तिका दर वर्षी यायची, ती त्या रद्दीत न टाकता जपून ठेवायच्या, देवाच्या पोथीखाली.

निवृत्त_शाखाधिकारी
पुस्तिका आहेत?! ताई, मग मोठंच काम झालं. लेखापरीक्षण वर्ग बघा, अ होता त्याचा ब, क कधी झाला. 'संचालक व त्यांच्या नातेवाईकांकडील येणे कर्ज' हा तक्ता बघा. थकबाकीचं प्रमाण बघा. 'इतर येणे' ही ओळ दर वर्षी फुगत गेली असेल तर तिथे बोट ठेवा. फोटो काढून ठेवा, मूळ प्रती कुणाला देऊ नका.

पुणेरी_चष्मा
ताई, त्या ताळेबंदांचे फोटो चालत असतील तर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडून देतो. चार्टर्ड अकाउंटंट आहे, बोलणं तिरकस असलं तरी बेरीज सरळ येते.

गावभागातली
पाठवते. आणि राग गेला बरं का.

आकडेमोड
मग यापुढे पैसे ठेवायचे तरी कुठे? प्रत्येक जण घाबरवतोय.

निवृत्त_शाखाधिकारी
वय साठच्या वर असेल तर आधी पोस्ट. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून ३० लाख आहे, व्याज तिमाहीला खात्यात, मागे केंद्र सरकार. मग बँका, एका बँकेत व्याज धरून पाच लाखांच्या आत. पतसंस्था आवडत असेल तर गेले तरी चालतील एवढेच. मी स्वतः आमच्या कॉलनीतल्या पतसंस्थेत थोडे ठेवतो आणि सभेला जातो. तिथे मला बघून चेअरमनना आनंद होत नाही.

यार्डातला
काका तुमी सभेला जाताना मला बी हाळी द्या. मी पूर्ण सभासद हाय.

गावभागातली
वकीलताई, एक तातडीचं. आज शाखेतून फोन आला. 'मूळ पावती घेऊन या, मागे सही करा, नवीन पावती देतो, सहा महिन्यांनी व्याजासकट मिळेल' म्हणताहेत. सासूबाई जायला तयार झाल्यात. काय करू?

मिरजेची_वकीलीण
मूळ पावती देऊ नका आणि सही करू नका. सही केली की तुम्ही स्वखुशीनं मुदत वाढवून दिली असा अर्थ निघतो, आणि थकलेली ठेव कागदावर थकलेली राहत नाही. त्यांना सांगा, जे काही म्हणणं आहे ते संस्थेच्या लेटरहेडवर द्या. देणार नाहीत. सोमवारी सकाळी पावत्या, शेअर प्रमाणपत्र आणि पुस्तिका घेऊन मिरजेला या, सासूबाईंनाही आणा. ऑफिस तळमजल्यावर आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे.